लाइव्ह रॉक: समुद्रातून दुकानापर्यंत

खाऱ्या पाण्याचा रीफ टँक उभारायचा म्हटलं की मासे आणि प्रवाळ यांच्याही आधी दगडाचा विषय निघतो. कोरडा ड्राय रॉक घ्यायचा, समुद्रात मुद्दाम वाढवलेला घ्यायचा, की थेट रीफवरून, म्हणजे समुद्रातल्या प्रवाळभिंतीवरून, आलेला ओला लाइव्ह रॉक? हे पर्याय हौशी लोकांच्या आवडीनिवडीतून आले, असं वाटतं खरं. प्रत्यक्षात ते बऱ्याच अंशी सरकारी बंद्यांनी घडवले आहेत.

लाइव्ह रॉक म्हणजे मेलेल्या प्रवाळांचे चुनखडीचे सांगाडे. जिवंत असतं ते त्यांच्या छिद्रांत आणि अंगावर राहणारं: जिवाणू, स्पंज, किडे, जांभळं-गुलाबी कोरलाइन शेवाळ. दगडाच्या वरच्या थरातले जिवाणू माशांच्या उत्सर्जनातून येणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. आत, जिथे ऑक्सिजन पोचत नाही, तिथे दुसरे जिवाणू त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात. म्हणून दगड जितका सच्छिद्र आणि हलका, तितका उपयोगाचा. दिसायला भारदस्त पण आतून भरीव दगड घेऊन लोक आजही फसतात.

हे गणित कळण्याआधी सागरी टँकमध्ये पांढरेफेक, ब्लीच केलेले प्रवाळाचे सांगाडे शोभेला ठेवत आणि गाळण्याचं काम तळाच्या खडीखालच्या फिल्टरवर सोपवत. मासे कसेबसे जगत, प्रवाळ टिकत नसत. 1961 मध्ये जकार्तातल्या ली चिन एंग यांनी ‘ट्रॉपिकल फिश हॉबीइस्ट’ या अमेरिकी मासिकात आपली पद्धत मांडली. ताजं समुद्राचं पाणी, ऊन, हवेचे बुडबुडे आणि रीफवरचे जिवंत दगड. बाकी फिल्टर काही नाही. पण समुद्र हाताशी असलेल्या, वर्षभर ऊन असलेल्या शहरात जे जमलं ते थंड प्रदेशात जसंच्या तसं उतरणं अवघड होतं.

ते जमवलं बर्लिनकरांनी, आणि मला या इतिहासातली हीच गोष्ट सर्वांत गमतीची वाटते. समुद्रकिनारा नसलेल्या शहरातल्या हौशी मंडळींनी 1970-80 च्या दशकांत लाइव्ह रॉकला प्रखर दिवे आणि प्रोटीन स्किमरची जोड दिली. स्किमर फेसाबरोबर सेंद्रिय घाण ती कुजण्याआधीच बाहेर काढतो, उरलेलं दगड सांभाळतो. त्यांच्यातल्या डीट्रिख श्ट्यूबर यांच्या टँकमधल्या फांदीदार प्रवाळाचे, म्हणजे अ‍ॅक्रोपोराचे तुकडे हौशींच्या हातोहात दूरवर पसरले. अमेरिकेत मात्र 1986 नंतर जॉर्ज स्मिट यांच्या लेखांमुळे ट्रिकल फिल्टरची, म्हणजे प्लास्टिकच्या गोळ्यांवरून पाणी ठिबकवणाऱ्या फिल्टरची, लाट आली. त्या फिल्टरमध्ये नायट्रेट तयार व्हायचं, पण जिरायचं नाही. पुढे अनेकांनी त्यातले प्लास्टिकचे गोळे काढून टाकले आणि भिस्त दगडावर ठेवली.

मग मागणी वाढली आणि समुद्राचा तळ खरवडला जाऊ लागला. फ्लोरिडाने आपल्या राज्याच्या हद्दीत 1989 मध्ये दगड काढायला बंदी केली. त्यापलीकडच्या संघराज्याच्या पाण्यातही 1 जानेवारी 1997 पासून ती लागू झाली. मार्ग एकच उरला: खाणीतली चुनखडी भाडेपट्ट्याच्या समुद्रतळावर टाकायची आणि जीव चढला की काढायची. तीही तिथल्या नैसर्गिक खडकापेक्षा वेगळी ओळखू येईल अशीच हवी, असा नियम आहे. ‘कल्चर्ड रॉक’ हा पर्याय अशा बंधनांतून रुजला.

बाजार मग पॅसिफिककडे, विशेषतः फिजीकडे वळला. तिथले गावकरी उथळ रीफवर लोखंडी पहारींनी दगड सुटे करत. ते ओलसर ठेवून विमानाने जात. पेटी उघडली की सडक्या स्पंजचा वास यायचा, म्हणून दगड काही आठवडे वेगळ्या पिंपात मुरवायचा, म्हणजे क्युअर करायचा. शेवाळाबरोबर आयप्टेशिया, म्हणजे टँकभर पसरणारं उपद्रवी समुद्रफूल, आणि मँटिस श्रिम्प हा ठोसे मारणारा शिकारी प्राणीही फुकटात येत. रात्री टँकमधून टकटक ऐकू आली की समजायचं, मँटिस आला आहे. 2018 च्या सुरुवातीला फिजीने निर्यात थांबवली, त्याच वर्षी इंडोनेशियानेही प्रवाळांची निर्यात रोखली. या बंद्या पुढे सैल झाल्या, पण तोवर ड्राय रॉकने दुकानं काबीज केली होती.

भारतात चित्र आधीच ठरलेलं होतं. 2001 मध्ये रीफ बांधणारे सगळे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेले, म्हणजे वाघाच्या रांगेत. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी वरळी आणि हाजी अलीजवळचे मोजके प्रवाळ हलवायलाही 2020 मध्ये वनखात्याची परवानगी लागली. तेव्हा मालवणच्या खडकावरून एखादा तुकडा पिशवीत घालून आणण्याचा विचार करूच नये. परदेशातून आलेला म्हणून कोणी लाइव्ह रॉक विकत असेल तर सायटिसचे, म्हणजे दुर्मीळ जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराचे, कागद मागावेत. दुकानदाराने टाळाटाळ केली तर सौदा तिथेच सोडावा.

ड्राय रॉकमध्ये नको ते पाहुणे येत नाहीत, पण जिवाणूही येत नाहीत, आणि काही दगडांतून शेवाळाला पोसणारं फॉस्फेट झिरपत राहतं. पूर्वीचा हिशेब लिटरमागे सुमारे 120 ग्रॅम दगडाचा, म्हणजे 200 लिटरला 24 किलो. दगड चांगला सच्छिद्र असेल तर त्याहून कमीही पुरतो. पहिले काही महिने तपकिरी शेवाळाचे जातात. ओळखीच्या कुणाचा जुना, स्थिरावलेला टँक असेल तर त्यातला मूठभर तुकडा मागून घेऊन सम्पमध्ये, म्हणजे मुख्य टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीत, टाकावा. फक्त त्यावर आयप्टेशिया नाही ना, हे उजेडात नीट बघून.