भास्कर नेमका कोणता?

‘साइनचं हे भन्नाट सूत्र आपल्या चाळीसगावच्या भास्कराचार्यांचं’ अशा अर्थाचा मजकूर अधूनमधून फिरत असतो. कोनाचा साइन, म्हणजे त्रिकोणमितीतलं एक गुणोत्तर, तक्त्याशिवाय काढून देणारं हे सूत्र खरोखरच भन्नाट आहे, पण चाळीसगावशी त्याचं काही नातं नाही. ते ज्या भास्कराचं आहे, तो आपल्या भास्कराचार्यांच्या जवळपास पाचशे वर्षं आधी होऊन गेला.

दोघांचंही नाव नुसतं भास्कर. ‘पहिला’ आणि ‘दुसरा’ ही शेपटं आधुनिक इतिहासकारांनी सोयीसाठी जोडली. त्यात १९७९ आणि १९८१ साली अवकाशात गेलेल्या आपल्या उपग्रहांची नावं भास्कर-१ आणि भास्कर-२, म्हणजे गोंधळात भरच. तो क्रम उपग्रहांचा आहे, माणसांचा नव्हे.

पहिला भास्कर सातव्या शतकातला. आर्यभटाने सगळं गणित आणि ज्योतिष (म्हणजे खगोलशास्त्र) १२१ श्लोकांत कोंबलं होतं. श्लोक इतके आवळलेले की समजावून सांगणारा कुणी नसेल तर नुसतं पाठांतर हाती लागावं. या भास्कराने ६२९ साली त्यावर भाष्य लिहिलं. एकेक पद सोडवायचं, उदाहरण घालायचं, संख्या आधी शब्दांत सांगायची आणि मग ‘अंकैरपि’, म्हणजे ‘आकड्यांतही’, असं म्हणून ती मांडून दाखवायची, ही त्याची पद्धत. मराठीत आज टीका म्हटलं की झोडपणंच आठवतं. संस्कृत परंपरेत मात्र टीकाकार म्हणजे गाठी सोडवणारा माणूस, आणि हा त्यातला पट्टीचा.

आता ते सूत्र. आर्यभटाने ‘ज्या’चा (आजच्या साइनला तेव्हा ‘ज्या’ म्हणत) २४ आकड्यांचा तक्ता अक्षरांत बांधला होता. त्याची सुरुवात ‘मखि’ या शब्दाने होते: म म्हणजे २५, खि म्हणजे २००, मिळून २२५. तक्ता पाठ नसेल तर सगळंच अडलं. भास्कर ‘महाभास्करीय’ या आपल्या ग्रंथात म्हणतो, ‘मख्यादिरहितं कर्म’ सांगतो, म्हणजे मखि-बिखि न लागणारी रीत. कोनाचे अंश घ्या, १८० मधून ते वजा करून जे उरेल त्याने त्यांना गुणा. या गुणाकाराच्या चौपटीला, ४०५०० मधून तोच गुणाकार वजा करून आलेल्या संख्येने भागा. झालं.

३० अंशांवर करून बघा. ३० गुणिले १५० म्हणजे ४५००, त्याची चौपट १८०००. ४०५०० वजा ४५०० म्हणजे ३६०००. उत्तर बरोब्बर अर्धं. ४५ अंशांना ०.७०५९ येतं, खरं मूल्य ०.७०७१. कॅल्क्युलेटर नसलेल्या माणसाला आणखी काय हवं?

दुसऱ्या भास्कराने स्वतःचं जन्मसाल कोड्यात घालून ठेवलं आहे: ‘रसगुणपूर्णमही’. रस सहा, गुण तीन, पूर्ण म्हणजे शून्य, मही म्हणजे पृथ्वी, ती एकच. उजवीकडून डावीकडे मांडलं की शके १०३६, इ.स. १११४. ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिला तेव्हा वय पुन्हा ‘रसगुण’च, ३६. ‘करणकुतूहल’ आलं ११८३ मध्ये, ६९व्या वर्षी.

सिद्धांतशिरोमणीच्या चार भागांतला पहिला ‘लीलावती’. तिच्यातले भुंगे प्रसिद्ध आहेत: थव्याचा पाचवा हिस्सा कदंबावर, तिसरा हिस्सा शिलींध्रावर, या दोहोंच्या फरकाची तिप्पट कुटजावर, आणि एक भुंगा हवेतच घुटमळत राहिलेला. थवा किती? पंधरा. अपूर्णांक शिकवायचे ते असे. (लीलावती ही त्यांची मुलगी, तिचं लग्न मुहूर्ताची वेळ मोजणाऱ्या घटिकापात्रात पडलेल्या मोत्यामुळे मोडलं, ही गोष्ट आपल्याकडे पोचली ती अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतरातून. खुद्द ग्रंथात ती नाही.)

मला खरा फरक दिसतो तो इथे. ब्रह्मगुप्त, श्रीधर, पद्मनाभ या आधीच्या गणितज्ञांचे बीजगणिताचे ग्रंथ फार विस्तृत आहेत, म्हणून त्यांचं सार काढलं, असं भास्कराचार्य स्वतःच सांगतात. म्हणजे दुसऱ्यांचं गणित सोपं करण्याचं काम दोघांनीही केलं. पहिला आर्यभटाच्या पाठीमागे उभा राहिला. दुसऱ्याने सार स्वतःच्या ग्रंथात बांधलं आणि त्यावर भाष्यही स्वतःच लिहिलं. दुसऱ्या कुणासाठी गाठ ठेवलीच नाही. साहजिकच नाव दुसऱ्याचं गाजलं. पहिल्यावर हा जरा अन्यायच आहे.

दोघांची ज्योतिषातली घराणीही वेगळी. ६२८ साली ब्रह्मगुप्ताने आर्यभटावर सडकून टीका केली (ही आजच्या अर्थाची टीका), आणि पुढच्याच वर्षी पहिल्या भास्कराचं आर्यभटावरचं भाष्य आलं. दुसरा भास्कर त्याच ब्रह्मगुप्ताला ‘गणकचक्रचूडामणि’ म्हणून नमस्कार करतो.

पहिल्याचे ग्रंथ रुजले ते केरळात. ‘लघुभास्करीया’वर शंकरनारायणाने ८६९ च्या सुमारास तिथेच विवरण लिहिलं. दुसऱ्याचा मान घरच्यांनी राखला. नातू चांगदेव यादवराजा सिंघणाचा ज्योतिषी. चाळीसगावजवळच्या पाटणला आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्याने मठ काढला. तिथला तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख १९व्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. लेख संस्कृत, पण शेवटी मजकूर सरळ मराठीत उतरतो, कारण तिथे हिशेब आहे: बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर मठाला काय मिळायचं, आणि गावातल्या प्रत्येक घाण्यामागे पळी-पळी तेल.