शिक्षकांची ‘मानसिकता’ आणि दोन मोजपट्ट्या

मुंबईतल्या एखाद्या प्राथमिक शाळेत बसवलेला डिजिटल फळा वापराविना पडून असलेला दिसला, की त्याचे निदान बहुधा एका वाक्यात उरकले जाते: ‘शिक्षकांची मानसिकता बदलायला हवी.’ प्रशिक्षणवर्गांत, पालकसभांत आणि शैक्षणिक साधने विकणाऱ्यांच्या सादरीकरणांत हे वाक्य इतक्या सहजपणे उच्चारले जाते, की त्यामागचे गृहीतक कोणी तपासत नाही. तंत्रज्ञानाविषयीची वृत्ती माणसाच्या स्वभावात मुरलेली असते आणि वापर होणे न होणे त्या वृत्तीवरच ठरते, असे ते गृहीतक आहे. वृत्ती मोजण्याचे शास्त्रीय प्रयत्न जवळजवळ शतकभर चालू आहेत आणि त्यांतून दिसणारे चित्र निराळे आहे.

रेन्सिस लिकर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये सुचवलेली पद्धत आजही वापरात आहे: एक विधान द्यायचे आणि ‘पूर्णपणे सहमत’पासून ‘पूर्णपणे असहमत’पर्यंतच्या पायऱ्यांपैकी एक निवडायला सांगायचे. पद्धत सोपी आहे आणि फसवीही आहे. ‘तंत्रज्ञानामुळे अध्यापन प्रभावी होते’ या विधानापुढे, तेही वरिष्ठांच्या हाती जाणाऱ्या अर्जावर, ‘असहमत’ अशी खूण करणारा शिक्षक विरळाच. इतरांच्या नजरेत चांगले दिसेल असे उत्तर देण्याकडे माणसाचा कल असतो. त्यामुळे ‘बहुसंख्य शिक्षक तंत्रज्ञानाला अनुकूल’ अशा निष्कर्षातून वर्गात काय घडते ते फारसे कळत नाही.

मला ज्या संशोधनाचे मनापासून कौतुक वाटते, ते शाळेत झालेलेच नाही. फ्रेड डेव्हिस या अमेरिकी संशोधकाने १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात १५२ जणांकडून चार संगणकीय आज्ञावलींविषयी माहिती घेतली होती. त्यांपैकी ११२ जण आयबीएम कॅनडाच्या टोरांटो येथील प्रयोगशाळेतले कर्मचारी होते. ‘तुम्हाला संगणक आवडतो का?’ असे मोघम विचारण्याऐवजी डेव्हिस यांनी दोन स्वतंत्र मोजपट्ट्या तयार केल्या. पहिली होती जाणवलेल्या उपयुक्ततेची, म्हणजे या साधनामुळे माझे काम अधिक चांगले होईल असे मला किती वाटते याची. दुसरी होती जाणवलेल्या सुलभतेची, म्हणजे ते वापरायला मला किती कमी कष्ट पडतील याची. प्रत्येक पट्टीत अखेरीस सहा विधाने उरली.

पुढचा भाग थोडा आकडेमोडीचा आहे. दोन गोष्टी एकमेकींबरोबर किती बदलतात हे सहसंबंध गुणांकाने सांगतात. तो उणे १ ते अधिक १ या दरम्यान असतो आणि ० म्हणजे सरळ रेषेत मांडता येईल असा संबंध नाही. टोरांटोच्या अभ्यासात उपयुक्तता आणि वापर यांचा गुणांक ०.६३ आला, तर सुलभता आणि वापर यांचा ०.४५. गुणांकाचा वर्ग केला, की एका गोष्टीतील चढउतारांचा किती हिस्सा दुसरीशी जोडता येतो याचा अंदाज मिळतो. त्या हिशेबाने उपयुक्ततेच्या वाट्याला सुमारे ४० टक्के आणि सुलभतेच्या वाट्याला सुमारे २० टक्के येतात. या दोन्ही पट्ट्या एकमेकींशीही निगडित असल्यामुळे हे हिस्से सरळ बेरजेने ६० टक्के होत नाहीत. म्हणून डेव्हिस यांनी उपयुक्तता स्थिर धरून सुलभतेचा उरलेला परिणाम तपासला, तेव्हा तो कमालीचा घटला. याचा अर्थ असा, की सुलभता वापरावर थेट परिणाम करण्याऐवजी बहुतांशी उपयुक्ततेच्या वाटेने करत असावी. चमचाभर चटणीसाठी मिक्सर काढायचा, जोडायचा आणि मग धुवायचा असेल, तर माणूस खलबत्ता घेतो. मिक्सर वाईट आहे असे त्याचे मत नसते, त्या चटणीपुरता तो उपयोगाचा नसतो. डेव्हिस यांच्या निबंधात वापराची माहिती लोकांनी स्वतःच सांगितलेली होती, ही त्याची मर्यादाही लक्षात ठेवली पाहिजे.

उपयुक्तता आणि सुलभता यांवरून वापराचा अंदाज बांधणारे हे प्रारूप पुढे जगभरातील शिक्षकांना लावले गेले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात ११४ अभ्यासांतील ३४,३५७ शिक्षकांची माहिती होती आणि प्रारूपाचा गाभा त्यातही बऱ्यापैकी टिकला.

आता मुंबईतला वर्ग डोळ्यांसमोर आणावा. महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ अशा आठ माध्यमांतून चालतात. पहिलीत मराठी वाचन शिकवणाऱ्या बाईंना कोळीवाड्यातली आणि नुकतीच परप्रांतातून आलेली अशी दोन्ही प्रकारची मुले ३५-४० मिनिटांच्या तासिकेत सांभाळायची असतात. प्रोजेक्टर जोडणे, आवाज सुरू करणे आणि अडकलेले इंटरनेट पूर्ववत करणे यांत त्यातली दहा मिनिटे गेली, तर उपयुक्ततेचे गणित तिथेच बिघडते. शिवाय तंत्रज्ञान त्यांच्या वाट्याला सर्वाधिक येते ते ‘सरल’ आणि ‘यूडायस’ या शाळांची माहिती नोंदवण्याच्या सरकारी ऑनलाइन प्रणालींवर माहिती चढवताना किंवा व्हॉट्सॲपवर आलेली लिंक आजच्या आज भरताना. त्यात उपयोग आहेच, पण तो कार्यालयाला होतो. याउलट सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवत असताना रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत आणलेला क्यूआर कोड पाहावा. जो धडा चालू आहे त्याच्याच पानावर तो छापलेला असल्यामुळे शोधाशोध उरत नाही. डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा चर्चा यशोगाथेची अधिक झाली आणि या साध्या रचनेची कमी.

‘तरुण शिक्षकांना हे आपोआप जमते’ हा समजही असाच तपासावा लागतो, कारण समाजमाध्यमांवर सराईत असणे आणि हातच्याची वजाबाकी पडद्यावर समजावता येणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. प्रशिक्षणांत तर याहून कच्चा माल खपतो. मुले ‘दृश्य’, ‘श्राव्य’ आणि ‘कृतिशील’ अशा गटांत विभागून त्यानुसार शिकवावे, हा सिद्धांत पुराव्याअभावी लंगडा असल्याचे २००८ मधील एका मोठ्या आढाव्याने दाखवले, तरी सादरीकरणांतून तो हटलेला नाही. ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’च्या नावाखाली डोळे बांधून वाचायला शिकवणारे क्लास याच बाजारात पैसे घेतात, ते विज्ञानाचे शब्द उसने घेऊनच.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये आत्मक्षमतेचे, म्हणजे ‘हे मला जमेल’ या विश्वासाचे, चार स्रोत सांगितले: स्वतःला आलेले यश, आपल्यासारख्या दुसऱ्याला यशस्वी होताना पाहणे, इतरांनी दिलेले प्रोत्साहन आणि शरीर-मनाची त्या वेळची अवस्था. यांत पहिला सर्वांत प्रभावी. आपली बरीचशी प्रशिक्षणे सभागृहातल्या भाषणांवर, म्हणजे तिसऱ्या स्रोतावर भर देतात.

डेव्हिस यांचे कर्मचारी आपल्या मर्जीने आज्ञावली वापरत होते, शिक्षकाला परिपत्रक येते, असा आक्षेप यावर घेता येईल. विश्वनाथ व्यंकटेश हे संशोधक आणि डेव्हिस यांनी २००० मध्ये हाच मुद्दा तपासला. चार संस्थांपैकी दोन ठिकाणी नवी प्रणाली ऐच्छिक होती आणि दोन ठिकाणी सक्तीची. मोजमाप तीनदा झाले: सुरुवातीला, एका महिन्याने आणि तीन महिन्यांनी. सक्तीच्या ठिकाणी ‘वरिष्ठांना हे हवे आहे’ या भावनेचा वापराच्या इराद्यावर सुरुवातीला थेट परिणाम दिसला, परंतु तीन महिन्यांनंतर तो नगण्य झाला. उपयुक्ततेचा परिणाम मात्र तिन्ही वेळा टिकून राहिला. आपल्या शाळांच्या दिनदर्शिकेत हा काळ साधारण जूनमधल्या पहिल्या घंटेपासून गणपतीच्या सुट्टीपर्यंतचा आहे.