गुण आला, पण कशानं?

"माझं बीपी एकदम नॉर्मल हाय, आणि डॉक्टरांनी बीपीची गोळी लिहून दिलीया. चिठ्ठी दुसऱ्याची तर न्हवं?" मंगळवार पेठेतल्या एका वहिनींचा हा प्रश्न. त्यांना अर्धशिशीचा त्रास. मेंदूच्या डॉक्टरांनी प्रोप्रॅनोलॉल दिलेलं, आणि मुलानं मोबाइलवर नाव टाकल्यावर पहिल्याच ओळीत रक्तदाब निघाला. कोल्हापुरात मेडिकलच्या काउंटरमागं उभं राहणाऱ्याला असले प्रश्न नेहमीचे. नसांच्या दुखण्याला दिलेली अमिट्रिप्टिलिन ही नैराश्यावरची गोळी आहे असं कळलं की माणूस दुखावतो, "मला काय येड लागलंय व्हय?" तळपायाच्या आगीवर प्रिगॅबॅलिन दिली आणि ती फिटवरही चालते असं कळलं की, "आमच्या घराण्यात कुणाला फिट न्हाई." मग काहीजण स्ट्रिप परत आणून देतात. काहीजण ती ड्रॉवरमध्ये टाकतात आणि डॉक्टरांना मात्र "घेतोय की" म्हणून सांगतात. ते जास्त वाईट.

एका रोगासाठी आलेलं औषध दुसऱ्या रोगाला वापरणं यात लपवाछपवी काही नाही. प्रोप्रॅनोलॉल जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात हृदयासाठी शोधलं. पुढं १९८८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं त्यात या कामाचाही वाटा होता. १९६६ मध्ये छातीत कळ येणाऱ्या रुग्णांवर ते तपासत असताना एका रुग्णाची अर्धशिशी थांबल्याचं लक्षात आलं. तिथून पुढं रीतसर चाचण्या झाल्या आणि आज ते अर्धशिशी टाळण्याच्या पहिल्या फळीतल्या औषधांत आहे. अमिट्रिप्टिलिनचंही तसंच. नैराश्याला ती ७५ ते १५० मिलिग्रॅमपर्यंत लागते, नसांच्या दुखण्याला रात्री १० किंवा २५ मध्ये भागतं. मेंदूकडून मज्जारज्जूत उतरणारी, दुखण्याचा निरोप दाबून टाकणारी एक यंत्रणा शरीरात असतेच. ही गोळी तिला बळ देते. त्यामुळं वेड लागण्याचा आणि त्या दहाच्या गोळीचा काही संबंध नाही, हे मी वहिनींना, काकांना, सगळ्यांनाच सांगत असतो.

ही झाली पक्क्या पायावरची औषधं. खरी अडचण येते ती कायमच्या थकव्याच्या रुग्णांची, कारण त्यांच्यासाठी पक्कं असं औषधच नाही.

थकवा म्हणजे इथं दिवसभर राबून आलेला शीण नव्हे. मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस, म्हणजे एमई किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम, हा आजार जागतिक आरोग्य संघटनेनं १९६९ मध्येच मज्जासंस्थेच्या विकारांत नोंदवला. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं २०१५ मध्ये त्याची लक्षणं ठरवून दिली: सहा महिन्यांहून जास्त टिकणारा, विश्रांतीनं न जाणारा थकवा, झोपूनही ताजंतवानं न वाटणं, विचारांचा गोंधळ किंवा उभं राहिल्यावर त्रास, आणि सगळ्यांत महत्त्वाचं, श्रमानंतर कोसळणं. दिवाळीला चकल्यांचा एक घाणा काढला आणि दुसऱ्या दिवसापासून चार दिवस बाईला उशी सोडवेना, असा तो प्रकार. तालमींच्या आमच्या गावात अशा माणसाला मिळणारा सल्ला ठरलेला असतो: "पहाटे उठून रंकाळ्याला दोन चकरा मार, दूध पी, अंग धरशील." ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत या आजारासाठी ठरावीक पायरीनं वाढवत नेण्याचा व्यायाम काढूनच टाकला, तो याच कोसळण्यामुळं.

अर्थात आपल्याकडं थकवा म्हटलं की आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२, घोरणं आणि उदासी हे सगळं बघून घ्यावं लागतं. बहुतेक वेळा चोर तिथंच सापडतो. पण सगळे रिपोर्ट नॉर्मल आले, दोन पिवळी सलाईन लावून झाली, नात्यातल्या चार जणांनी "मनाचे खेळ" म्हणून झालं, आणि माणूस अजून अंथरुणातच आहे, तर तो काय करेल? दुसऱ्याच रोगाच्या औषधानं कुणाला गुण आला याचा शोध घेईल. कोविडनंतर असे शोधणारे वाढले.

त्यात हमखास नाव येतं नाल्ट्रेक्झोनचं. अफूजन्य पदार्थांचं व्यसन सोडवायला अमेरिकेत १९८४ मध्ये मंजूर झालेली ही गोळी, नेहमीचा डोस ५० मिलिग्रॅम. थकव्याला आणि फायब्रोमायाल्जियाच्या, म्हणजे सगळं अंग सतत दुखत राहण्याच्या आजारातल्या, अंगदुखीला मात्र ती साधारण साडेचार मिलिग्रॅम देतात. डोस कमी केला तर काम वेगळं कसं होईल? कल्पना अशी मांडतात की एवढ्याशा डोसानं एंडॉर्फिन या शरीरातल्याच वेदनाशामकाचे रिसेप्टर, म्हणजे ते जिथं जाऊन चिकटतं त्या जागा, काही तासच अडतात आणि त्याची भरपाई म्हणून शरीर स्वतःचं एंडॉर्फिन वाढवतं. दुसरी कल्पना मेंदूतल्या मायक्रोग्लिया नावाच्या पेशींची. त्या चवताळल्या की जळजळ वाढवणारी रसायनं सोडतात, आणि नाल्ट्रेक्झोन त्यांच्यावरचा टीएलआर-४ हा खटका अडवतं. दोन्ही कल्पना पटण्यासारख्या आहेत, पण कल्पना पटली म्हणजे औषध लागू पडलं असं होत नाही.

इचलकरंजीहून एक यंत्रमागवाले काका माझ्याकडं येतात. बाहेरगावच्या डॉक्टरांनी व्हिडिओवर तपासून साडेचारचा डोस लिहिलेला, आणि हातात आली व्यसनमुक्तीसाठीची पन्नासची गोळी. काकांनी डोकं लढवलं. वर्तमानपत्रावर ठेवून ब्लेडनं गोळी खरवडली आणि ती भुकटी गुजरीतल्या मेव्हण्याच्या सोन्याच्या काट्यावर तोलून छोट्या पुड्या बांधल्या. बांगड्यांच्या डबीत ओळीनं ठेवलेल्या त्या पुड्या त्यांनी मला अभिमानानं दाखवल्या. आता, गोळीत ५० मिलिग्रॅम असतं ते औषध. बाकी स्टार्च, लॅक्टोज, वरचं आवरण धरून सबंध गोळीचं वजन त्याच्या कितीतरी पट. म्हणजे साडेचार मिलिग्रॅमच्या पुडीत औषध जेमतेम नावाला. शिवाय मिलिग्रॅमपर्यंत आकडा दाखवणाऱ्या काट्याला साडेचारातला अर्धा कुठून कळणार? आणि तरीही काका म्हणाले, "तिसऱ्या दिवशी अंगात तरतरी आली बघा."

ते खोटं बोलत नव्हते. तरतरी आलीच असणार. पण "मला बरं वाटलं" आणि "या औषधानं बरं वाटलं" ही दोन वेगळी विधानं आहेत. पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडं निघालं की गावाचा जीव टांगणीला लागतो. त्या वेळी कुणी काहीही केलं, नवस बोलला, ओटी भरली, तरी त्यानंतर पाणी उतरतंच. कारण लोक नवस बोलतात तेच मुळी पाणी सर्वांत वर असताना. चढउताराचा आजारही असाच. माणूस नवी गोळी धरतो ती सगळ्यांत वाईट आठवड्यात, आणि त्यानंतरचा आठवडा गोळी नसती तरी थोडा बरा गेला असता. त्यात आशेचा वाटा असतो, आणि कुणीतरी आपलं दुखणं शेवटी खरं मानलं या दिलाशाचाही.

म्हणून रुग्णाचा अनुभव फेकून द्यायचा का? तसं केलं असतं तर पार्किन्सनचं एक औषध हातचं गेलं असतं. अमँटाडिन हे फ्लूवरचं औषध, अमेरिकेत १९६६ मध्ये मंजूर झालेलं. १९६८ मध्ये पार्किन्सन असलेल्या ५८ वर्षांच्या एका बाईंनी फ्लू होऊ नये म्हणून ते रोज दोनदा १०० मिलिग्रॅम घेतलं. अंगाचा ताठरपणा, थरथर, मंदपणा कमी झाला. सहा आठवड्यांनी औषध बंद केलं तर सगळं परत आलं. बाईंनी हे आपल्या डॉक्टरांना सांगितलं. बॉस्टनचे ते डॉक्टर, रॉबर्ट श्वाब, ऐकून घेणारे निघाले. त्यांनी १६३ रुग्णांवर औषध देऊन बघितलं आणि १९६९ मध्ये निष्कर्ष छापला. विषाणू औषधाला दाद देईनासे झाल्यामुळं फ्लूसाठी आज अमँटाडिन कुणी देत नाही, पण पार्किन्सनमध्ये ते अजून टिकून आहे. बाईंच्या सांगण्यात "घेतलं तेव्हा बरं" याच्या जोडीला "सोडलं तेव्हा परत" हेही होतं, म्हणून ते इतकं मोलाचं ठरलं.

हेच अमँटाडिन मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारातल्या थकव्याला डॉक्टर वर्षानुवर्षं लिहीत आले. मग अमेरिकेत १४१ रुग्णांना अमँटाडिन, मोडॅफिनिल, मेथिलफेनिडेट आणि औषध नसलेली नुसती गोळी अशी चारही पाळीपाळीनं, प्रत्येकी सहा आठवड्यांपर्यंत दिली गेली. २०२१ मध्ये निकाल आला. थकवा चारही पाळ्यांत उतरला, नुसत्या गोळीनंही तेवढाच. त्रास मात्र औषधांनी जास्त दिला.

याहून कडू गोष्ट नॉर्वेतली. बर्गनच्या कर्करोगतज्ज्ञ ओयस्टाइन फ्लुगे आणि ओलाव मेला यांच्या एका लिम्फोमाच्या (लसिकाग्रंथींच्या कर्करोगाच्या) रुग्णाला थकव्याचा हा आजारही होता, आणि केमोथेरपीनंतर थकवाच ओसरला. त्यावरून त्यांनी रिटुक्सिमॅब वापरून पाहिलं. हे कर्करोगाचं औषध रोगप्रतिकार यंत्रणेतल्या बी पेशी नष्ट करतं. २०११ मध्ये ३० रुग्णांची छोटी चाचणी छापून आली: औषध मिळालेल्या १५ पैकी १० जणांना गुण, दुसऱ्या गटात १५ पैकी फक्त २. जगभरच्या रुग्णांनी सुटकेचा श्वास टाकला. पण फ्लुगे आणि मेला तिथं थांबले नाहीत. १५१ रुग्णांची मोठी चाचणी त्यांनी स्वतःच उभी केली, तिचा निकाल २०१९ मध्ये आला. औषधाच्या गटात २६ टक्के सुधारले, औषध नसलेल्या गटात ३५ टक्के. स्वतःच्याच शोधाच्या विरोधात गेलेला निकाल त्यांनी जसाच्या तसा छापला. माझ्या मते या सगळ्या विषयातले खरे नायक ते दोघं.

नाल्ट्रेक्झोनचं काय झालं? अमेरिकेतले जॅरेड यंगर यांनी फायब्रोमायाल्जियाच्या १० आणि नंतर ३१ बायकांवर लहान चाचण्या केल्या. २००९ आणि २०१३ मध्ये निघालेले ते निष्कर्ष आशा वाढवणारे होते. २०१३ मध्येच नॉर्वेच्या टीव्हीवर या गोळीवर एक माहितीपट लागला आणि देशात तिची झुंबड उडाली. सुमारे १५ हजार लोकांनी ती घेतली. मग डेन्मार्कमध्ये ९९ बायकांना १२ आठवडे ६ मिलिग्रॅम देऊन पाहिलं. २०२४ च्या निकालात दुखणं कमी करण्यात गोळी खोट्या गोळीहून सरस ठरली नाही. स्मरणशक्तीच्या तक्रारी थोड्या कमी झाल्याची चिन्हं दिसली, पण ती स्वतंत्रपणे तपासावी लागतील. ही चाचणीही फायब्रोमायाल्जियाची, एमईची नव्हे. एवढ्या जुन्या औषधावर कुणाची मक्तेदारी उरलेली नाही, त्यामुळं मोठ्या चाचणीवर पैसा ओतायला कंपनी पुढं येत नाही, आणि रुग्ण मात्र वाट बघत बसतो. ही तक्रार रास्तच आहे.

ज्यांना डॉक्टरांनी ही गोळी लिहून दिली आहे त्यांना मी एकच गोष्ट खोदून विचारतो: सध्या ट्रामाडॉल किंवा तसलं दुसरं अफूच्या जातीचं वेदनाशामक चालू आहे का? ऑपरेशननंतर, कंबरदुखीला ट्रामाडॉल सर्रास दिलं जातं, आणि त्यावर नाल्ट्रेक्झोन घेतलं तर वेदनाशामक लागू पडणं थांबतं. रोज घेण्याची सवय असेल तर घाम, उलट्या, तडफड सुरू होते. कमी डोसात एरवी दिसणारा त्रास म्हणजे झोपमोड आणि विचित्र, रंगीत स्वप्नं. काकांना पुड्या बंद करायला लावून त्यांच्या डॉक्टरांशी फोनवर बोलायला लावलं. सोबत एक वही करायला सांगितली: उठल्यावर शक्ती दहापैकी किती, दिवसात काय काम केलं, दुसऱ्या दिवशी कोसळलो का, दुसरी कुठली गोळी बदलली का. गोळी सुरू करण्याआधीचे दोन आठवडेही त्यात हवेत, नाहीतर तुलना कशाशी करणार? डॉक्टरांनी मध्ये गोळी थांबवायला सांगितली तर तेही दिवस लिहायचे, बॉस्टनच्या त्या बाईंसारखे.

औषधानं अपाय झाला तर कळवायला आपल्याकडं सोय आहे. २०१० मध्ये सुरू झालेल्या औषध सतर्कता कार्यक्रमाचा फोन १८००-१८०-३०२४, पैसे लागत नाहीत, आणि फक्त डॉक्टरच नव्हे, रुग्णही कळवू शकतो. गुण आल्याचं मात्र कुठं नोंदवायचं? अमेरिकेच्या औषध प्रशासनानं तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेबरोबर २०१९ मध्ये क्युअर आयडी नावाची नोंदवही सुरू केली. दुसऱ्याच रोगाचं औषध वापरल्यावर काय घडलं, चांगलं आणि वाईट दोन्ही, ते तिथं लिहायचं, सुरुवातीला डॉक्टरांनी. तशी एखादी वही मराठीत, रुग्णाच्या हातात असती तर काकांच्या डबीतल्या पुड्यांचीही एक ओळ तिच्यात गेली असती, "गुण आला" या रकान्यात आणि शेजारी डोसाच्या रकान्यात भलंमोठं प्रश्नचिन्ह घालून.