मरून जर्सी आली म्हणून परत पाठवण्याआधी

'युव्हेंटस मागवली आणि मरून जर्सी निघाली', असा फोन आमच्या फुटबॉल जर्सींच्या दुकानात आठवड्यातून एकदा तरी येतोच. जर्सी चुकलेली नसते. ती ब्राझीलमधल्या साओ पाउलो शहराच्या मोओका भागातल्या युव्हेंटस क्लबची असते. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची ती इटलीतल्या तुरिनच्या युव्हेंटसची. ती आम्ही ठेवत नाही, ती कुठंही मिळते.

मोओकाचा क्लब 1924 सालचा, क्रेस्पींच्या कापडगिरणीतल्या कामगारांचा. मालक इटालियन, वस्तीही बरीचशी इटालियन. म्हणून 1930 मध्ये नाव घेतलं तुरिनच्या युव्हेंटसचं, पण अंगावरचा मरून रंग त्याच गावातल्या तोरिनो या दुसऱ्या क्लबचा. म्हणजे कोल्हापूरच्या तालमींत नाव पाटाकडीलचं आणि जर्सी दिलबहारची, असं समजा! त्यांच्या रुआ जावारीच्या छोट्या मैदानावर 2 ऑगस्ट 1959 रोजी पेलेनं त्यांच्याविरुद्ध खेळताना बचावपटूंच्या आणि शेवटी गोलकीपरच्याही डोक्यावरून चेंडू उडवून गोल केला. आपला सर्वांत देखणा गोल तोच, असं पेले सांगायचा. त्याचं चित्रीकरण नाही. आमच्याकडची जर्सी या मोओकाच्या संघाची आहे.

रंग बघून जर्सी परत केलीत तर आमची काही तक्रार नाही, टॅग तेवढा काढू नका. घोळ होतो तो नाव-नंबर छापून घेतल्यावर. रोनाल्डो खेळला तो तुरिनकडून; मग 'रोनाल्डो 7' छापलेली मोओकाची जर्सी आम्ही कुणाच्या गळ्यात मारायची? अशा तीन आजही मांडणीवर पडून आहेत. म्हणून छापील जर्सी परत घेत नाही, आणि छापण्याआधी फोन करून 'मरूनच ना?' असं विचारतो. त्यात एक दिवस जातो म्हणून काहीजण चिडतात. चिडा, पण फोन उचला.

ब्राझीलच्याच बोताफोगो या नावाच्या क्लबांचंही तसंच. रिओचा वेगळा, रिबेरांव प्रेतोचा वेगळा. ब्राझीलचा फुटबॉलपटू सॉक्रेटिस आणि त्याचा धाकटा भाऊ राई हे दोघंही या दुसऱ्यातून पुढं आले. ऑर्डर देताना क्लबच्या नावापुढं गाव लिहा, म्हणजे झालं.

मापाचं एक सांगतो. ब्राझीलच्या टॅगवर 'पी' म्हणजे लहान, 'एम' मध्यम, 'जी' मोठं आणि 'जीजी' त्याहून मोठं. मंडळाच्या पोरांसाठी दहाच्या वर घेणार असाल तर दुकानात या, अंगाला लावून बघा. छपाईचे पैसे घेणार नाही. आणि हो, त्या तीन 'रोनाल्डो' निम्म्या किमतीत देऊन टाकायच्या आहेत.