किनाबालूची नापीक माती

बोर्निओ बेटावर, मलेशियाच्या सबाह राज्यात, ४,०९५ मीटर उंचीचा किनाबालू पर्वत आहे. त्याच्याभोवती १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्रफळ जेमतेम ७५४ चौरस किलोमीटर असले, तरी तेथे वनस्पतींच्या सुमारे पाच हजार जाती आढळतात. या वैविध्याचे श्रेय बहुधा उंचीला दिले जाते, आणि पायथ्याच्या वर्षावनातून मेघवनात व तेथून शिखराजवळच्या खुरट्या झुडपांत चढत जाताना ते पटतेही; परंतु किनाबालूच्या अनेक दुर्मीळ वनस्पतींचा माग काढायचा, तर मातीकडे पाहावे लागते.

शिखराचा ग्रॅनाइट सुमारे ७० ते ८० लाख वर्षांपूर्वी भूगर्भात थिजला आणि पुढे वर उचलला गेला. त्याच्या कडेने उघड्या पडलेल्या अल्ट्रामॅफिक, म्हणजे लोह-मॅग्नेशियमयुक्त गडद खडकांपासून बनलेल्या मातीत मॅग्नेशियम व निकेल भरपूर, तर फॉस्फरस, पोटॅशियम व कॅल्शियम तुटपुंजे असते. बहुतेक वनस्पतींना ही माती मानवत नाही. ज्या टिकल्या, त्यांचे उपाय मात्र विलक्षण आहेत. सबाहमधील, आवळ्याच्याच प्रजातीतले एक झाड निकेल टाळण्याऐवजी इतके साठवते की सालीखालचा त्याचा रस हिरवा दिसतो.

अशाच मातीत वाढणारी नेपेंथिस राजा ही घटपर्णी (घटासारख्या पानांत कीटक पकडणारी वनस्पती) किनाबालू व शेजारच्या ताम्बुयुकोन या दोन पर्वतांखेरीज जगात कोठेही नैसर्गिकरीत्या वाढत नाही. तिच्या मोठ्या घटात दोन लिटरांहून अधिक द्रव मावतो. त्यात कीटक तर पडतातच, पण ट्री श्रू हा खारीएवढा सस्तन प्राणी घटाच्या काठावर बसून झाकणाच्या आतला मधुरस चाटतो आणि त्याच वेळी त्याची विष्ठा घटात पडते. मातीत न मिळणारे नायट्रोजन वनस्पतीला असे मिळते. शिकारी म्हणून नावाजलेल्या वनस्पतीने शौचकूप होणे पत्करावे, याची गंमत वाटते खरी. परंतु कीटक तुलनेने कमी असलेल्या उंचीवर हा सौदा किफायतशीर आहे.

याच मातीवर वाढणारे रॉथ्सचाइल्ड स्लिपर ऑर्किड संग्राहकांच्या हव्यासामुळे मोजक्या जागांपुरते उरले असून, त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक निर्बंध आहेत. तापमानवाढीचा प्रश्न अशा निर्बंधांच्या आवाक्याबाहेरचा आहे. हवा तापू लागली की पर्वतावरील वनस्पती पिढ्यान्‌पिढ्या वर सरकू शकतात. येथे मात्र वर जावे तो अल्ट्रामॅफिक माती संपते आणि उघडा ग्रॅनाइट लागतो.