अँटिसायकॉटिक औषधे आणि चयापचयाचे विकार

स्किझोफ्रेनिया, बायपोलर यांसारख्या गंभीर मनोविकारांवर दिल्या जाणाऱ्या अँटिसायकॉटिक औषधांमुळे वजन, रक्तातील साखर व चरबी वाढण्याचा धोका असतो. गंभीर मनोविकार असलेल्यांचे आयुर्मान इतरांपेक्षा साधारण १० ते २० वर्षांनी कमी भरते. त्यात आत्महत्यांचा वाटा आहेच. पण हृदयविकार आणि इतर शारीरिक आजारांचा वाटा त्याहून मोठा आहे.

सगळा दोष औषधांच्या माथी मारता येत नाही. ज्या घराण्यांत वेडाचे प्रमाण अधिक, तिथे मधुमेहही वरचेवर आढळतो, असे ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ हेन्री मॉड्स्ली यांनी १८७९ मध्येच लिहून ठेवले होते. क्लोरप्रोमॅझिन हे पहिले अँटिसायकॉटिक पॅरिसमध्ये मनोरुग्णांना दिले गेले ते १९५२ मध्ये. आनुवंशिकता, धूम्रपान, दिवसदिवस अंथरुणात पडून राहणे, गरिबी हे सारे आधीपासून असतेच. औषध त्यात भर घालते.

ही भर औषधागणिक बदलते. क्लोझापिन व ओलान्झापिन सर्वांत जोखमीची, क्वेटियापिन व रिस्पेरिडोन मधली, तर अरिपिप्राझोल, झिप्रासिडोन व लुरासिडोन त्या मानाने सौम्य. अमेरिकेत अँटिसायकॉटिक औषधांची तुलना करणाऱ्या ‘केटी’ चाचणीत (२००५) ओलान्झापिन घेणाऱ्यांचे वजन महिन्याला सरासरी ०.९ किलोने वाढले आणि ३० टक्के रुग्णांत ही वाढ मूळ वजनाच्या ७ टक्के किंवा त्याहून जास्त होती. पहिल्यांदाच औषध सुरू झालेल्या तरुणांचे वजन तर सुरुवातीच्या काही आठवड्यांतच झपाट्याने वाढू शकते.

या औषधांमुळे मेंदूतील हिस्टामिन व सेरोटोनिन या रसायनांचे अनुक्रमे एच-१ व २-सी हे ग्राही (पेशींवरील संदेश स्वीकारणारी स्थाने) अडवले गेले की भूक वाढते आणि पोट भरल्याची जाणीव मंदावते. घरच्यांना हा खादाडपणा वाटतो, आणि आधीच खचलेल्या माणसाला जेवणावरूनही बोलणी खावी लागतात. शिवाय स्वादुपिंडातील एम-३ ग्राही अडल्यास इन्सुलिनचे स्रवणही बिघडू शकते. म्हणून वजन फारसे न वाढताही मधुमेह होऊ शकतो. क्वचित त्याची पहिली खूण म्हणजे जिवावर बेतणारा कीटोअॅसिडोसिस (इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल साठणे) असतो.

अमेरिकेतील मधुमेह व मनोविकार क्षेत्रांतील संघटनांनी २००४ मध्ये तपासण्यांचे वेळापत्रक ठरवून दिले: औषध सुरू करताना वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटी साखर व लिपिड (रक्तातील चरबी); मग ४, ८ व १२ आठवड्यांनी वजन; आणि रक्तदाब व रक्ततपासणी पुन्हा १२ आठवड्यांनी. भारतीयांसाठी धोक्याची रेषा खाली आणावी लागते: कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंमी, स्त्रियांत ८० सेंमी. दिसायला सडपातळ भारतीय शरीरातही चरबी किती असते, हे पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनातून पुढे आले आहे. तेव्हा नुसत्या वजनकाट्यावर विसंबून चालत नाही. प्रत्यक्षात मनोविकारतज्ज्ञ हे काम फिजिशियनचे समजतो, फिजिशियन सगळ्या तक्रारी मनाच्या खात्यावर टाकतो, आणि टेपने कंबर मोजण्याइतकी साधी गोष्टही राहून जाते.

वजन वाढले म्हणून गोळ्या परस्पर बंद करणे मात्र अधिक घातक. फिनलंडमधील २००९ च्या मोठ्या अभ्यासात सर्वांत कमी मृत्युदर आढळला तो क्लोझापिन घेणाऱ्यांत, म्हणजे चयापचयाच्या दृष्टीने सर्वांत बदनाम औषधावर. अभ्यासाच्या पद्धतीवर आक्षेप घेतले गेले. तरी नंतरचे, रुग्णांच्या नोंदवह्यांवर आधारित अभ्यासही, औषध न घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण अधिक असल्याचेच दाखवतात.

उपाय म्हणजे आहार व चालण्याची सवय, शक्य असल्यास कमी जोखमीचे औषध, आणि मेटफॉर्मिन या मधुमेहावरील औषधाची जोड. मेटफॉर्मिनने वजन काही किलोंनीच उतरते, पण ते स्वस्त आहे आणि लवकर सुरू केल्यास अधिक उपयोगी पडते. सिगारेट-बिडी सोडणे हृदयासाठी उत्तम; मात्र धुरातील घटकांमुळे यकृतात क्लोझापिन व ओलान्झापिन लवकर विघटित होत असते. धूम्रपान थांबताच रक्तातील औषधाची पातळी चढते, म्हणून सिगारेट-बिडी सोडण्याआधी डॉक्टरांना सांगून मात्रा ठरवून घ्यावी लागते.