लाइट बिलाचा दर ठरवतं कोण? आमच्या सोलर ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार मंडळी,

छतावर सोलर बसवायचंय म्हणून जे आमच्याकडे येतात ते बहुतेक सगळे आधी हेच विचारतात, की पैसे किती वर्षात वसूल होतील. पॅनल किती युनिट देईल ते आम्ही सांगू शकतो, आपल्याकडच्या उन्हात एका किलोवॅटला दिवसाला साधारण चार युनिट धरा, म्हणजे तीन किलोवॅटला महिन्याला साडेतीनशेच्या आसपास. पण त्या एका युनिटची किंमत काय धरायची, जास्तीचं युनिट ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला, दिलं तर बिलातून ते कसं वजा होणार, दिवसाचं युनिट आणि रात्रीचं युनिट सारखं धरायचं का, हे सगळं ठरतं महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगात. म्हणून कोटेशनच्या आधी हे पत्रक वाचा अशी आमची मनापासून विनंती आहे.

पुष्कळ लोकांना वाटतं दर महावितरण ठरवते, किंवा मंत्री ठरवतात. पूर्वी बऱ्यापैकी तसंच होतं, वीज मंडळ आणि सरकार मिळून दर लावायचे. १९९८ साली केंद्राने वीज नियामक आयोगांचा कायदा केला आणि १९९९ मध्ये आपल्या राज्याचा आयोग आला, मग २००३ चा विद्युत कायदा आला आणि जून २००५ मध्ये जुन्या मंडळाच्या महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण अशा वेगळ्या कंपन्या झाल्या. तेव्हापासून कंपनीला दर वाढवायचा असेल तर तिला आयोगाकडे याचिका घेऊन जावं लागतं, एवढी वीज घेतली, एवढी गळती झाली, एवढा पगार, एवढं व्याज, असा सगळा खर्च मांडावा लागतो, आणि आयोग त्यातला जो पटेल तेवढाच मान्य करतो आणि बाकीचा कापतो. मुंबईत बेस्ट, टाटा पॉवर, अदानी आहेत, त्यांनाही हाच नियम. आयोगाचा आदेश कुणाला पटला नाही तर दिल्लीच्या अपिलीय न्यायाधिकरणात जाता येतं आणि तिथून पुढे सुप्रीम कोर्टात.

आता तुमचं बिल हातात घ्या. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, या सगळ्या ओळी आयोगाच्या आदेशातून आणि नियमांतून आलेल्या असतात. वीज आकार स्लॅबने लागतो, १०० युनिटपर्यंत एक दर, मग ३०० पर्यंत, मग ५०० पर्यंत आणि त्यापुढे वेगळा. खाली वीज शुल्क दिसेल, घरगुतीला १६ टक्के, तो राज्य सरकारचा कर आहे, त्याचा आयोगाशी संबंध नाही. हे कशाला सांगतोय, तर सोलरमुळे तुमची वरच्या स्लॅबची महाग युनिटं आधी कमी होतात, त्यामुळे ज्यांचं बिल महिन्याला चारशे-पाचशे युनिटचं आहे त्यांचा पैसा लवकर सुटतो आणि ज्यांचा वापर शंभरच्या आतच आहे त्यांना आम्ही स्वतःच सांगतो की जरा थांबा, घाई करू नका. स्थिर आकार मात्र सोलर लावलं तरी जात नाही, "शून्य बिल" अशी जाहिरात कुणी दाखवली तर ही ओळ त्याला दाखवा.

आयोगाने एखादी गोष्ट बदलली की काय होतं

पुण्यातल्या जुन्या लोकांना २००६ आठवत असेल. राज्यभर लोडशेडिंग चालू होतं, वीज कमी पडत होती, आणि पुण्यातल्या कारखान्यांकडे स्वतःचे जनरेटर पडून होते. मग अशी कल्पना निघाली की वीज कमी पडते त्या वेळात कारखान्यांनी आपले जनरेटर चालवायचे, त्यांची वाचलेली ग्रिडची वीज शहराला द्यायची, आणि डिझेलचा जो जास्तीचा खर्च येईल तो जास्त वापर असलेल्या ग्राहकांच्या बिलात थोडा थोडा लावायचा. आयोगाने सुनावणी घेऊन याला मंजुरी दिली आणि शहराचं लोडशेडिंग थांबलं. नवीन प्रकल्प नाही, नवीन लाइन नाही, फक्त खर्च कुणी आणि कसा उचलायचा याचा नियम झाला आणि वीज मिळाली.

सोलरचं तर पूर्ण गणितच आयोगाच्या नियमांवर उभं आहे. नेट मीटरिंगचे पहिले नियम २०१५ मध्ये आले, त्यामुळे दुपारी तुम्ही ग्रिडला दिलेली युनिटं संध्याकाळच्या वापरातून वजा होऊ लागली, आणि शिल्लक राहिली तर पुढच्या महिन्यात जमा, मार्चअखेर हिशोब. मग २०१९ मध्ये नवीन नियमांचा मसुदा आला आणि त्यात नेट मीटरिंगवर बरीच बंधनं घालायचा विचार होता. तेव्हा ग्राहकांनी, सोसायट्यांनी, आमच्यासारख्या छोट्या व्हेंडरांनी हरकतींचा पाऊस पाडला, आणि डिसेंबर २०१९ मध्ये जे नियम पक्के झाले त्यात नेट मीटरिंग टिकलं. आज तुमच्या शेजाऱ्याच्या छतावरचं सोलर परवडतंय त्यामागे त्या हरकती आहेत, असं आमचं ठाम मत आहे.

दिवसाची वीज स्वस्त, संध्याकाळची महाग

आत्ताचा सगळ्यात मोठा बदल हा आहे आणि यावर आम्ही प्रत्येक ग्राहकाशी वेगळं बोलतो. राज्यात सोलर इतकं वाढलंय की भर दुपारी वीज मुबलक असते आणि सूर्य मावळला की सगळ्यांचे एसी, दिवे, मिक्सर एकदम चालू होतात. म्हणून केंद्राने जून २०२३ मध्ये ग्राहक हक्काच्या नियमात बदल करून सांगितलं की राज्यांच्या आयोगांनी वेळेनुसार दर लावावेत, सोलरच्या वेळात कमी आणि पीकच्या, म्हणजे सगळ्यात जास्त मागणीच्या, वेळात जास्त. यालाच टीओडी म्हणतात. आपल्या आयोगाने सोलरची वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ५ धरली आहे. २०२५ मध्ये या विषयावर खूप धावपळ झाली, २८ मार्चला आयोगाचा दर आदेश आला, लगेच २ एप्रिलला आयोगानेच त्याला स्थगिती दिली, आणि २५ जूनला सुधारित आदेश काढला जो १ जुलैपासून लागू केला. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना दिवसाच्या वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत त्यातूनच आली. तीन महिन्यात एवढे फेरे झाले, म्हणून व्हॉट्सअॅपवर आलेला दर खरा मानू नका, आदेशाची तारीख बघा. आमच्या कोटेशनवर कुठल्या आदेशाचा दर धरलाय ते आम्ही लिहून देतो.

याचा तुमच्या घरात अर्थ काय, तर मोटर सकाळी साडेसहाला लावून टाकी भरता ती दहाला लावा, वॉशिंग मशीन रात्री न लावता दुपारी लावा. पिठाची गिरणी, लॉन्ड्री, वर्कशॉप असेल तर जड काम पाचच्या आत उरका, कारण टीओडी लागू असलेल्या कनेक्शनला कुठल्या वेळेत तयार झालेलं युनिट कुठल्या वेळेच्या वापरातून वजा होणार यावरच फायदा ठरतो. ज्यांचं दुकान संध्याकाळी पाचनंतरच भरतं त्यांना फक्त मोठा प्लांट लावून उपयोग नाही, त्यांच्यासाठी आम्ही बॅटरी धरून आणि न धरता असे दोन्ही हिशोब काढतो.

हरकत आणि तक्रार

कंपनीची दराची याचिका आली की पेपरात जाहीर सूचना येते, आणि कायद्याने आयोगाला लोकांच्या हरकती-सूचना विचारात घेऊनच आदेश काढावा लागतो. वकील लागत नाही, मराठीत साध्या कागदावर चालतं, तुमचं नाव, ग्राहक क्रमांक आणि मुद्दा लिहा. पुण्याची प्रयास, मुंबई ग्राहक पंचायत अशा संस्था वर्षानुवर्षं आयोगासमोर ग्राहकांची बाजू मांडत आल्यात, पण प्रत्यक्ष बिल भरणाऱ्याचं एक पानाचं पत्र वेगळं असतं, त्यात आकडा स्वतःच्या मीटरचा असतो. पत्र लिहायला मदत हवी असेल तर आम्ही करतो, त्याचे पैसे घेत नाही.

बिल चुकलं, नेट मीटर लावायला उशीर झाला, युनिट जमा झाले नाहीत, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या, पोच नसेल तर पुढे काही होत नाही. तिथे सुटलं नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, त्यासाठी मूळ कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. मंचाचा निर्णय पटला नाही तर ६० दिवसांच्या आत विद्युत लोकपाल, ते मुंबईत आणि नागपुरात आहेत.

सबसिडीचं लोक नेहमी मिसळतात म्हणून सांगतो, पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या प्लांटला मिळणारे ७८,००० रुपये हे केंद्राकडून येतात, आयोगाच्या आदेशाने ते कमी-जास्त होत नाहीत.

भेटायला येताना मागच्या बारा महिन्यांची बिलं आणा, उन्हाळ्याचं एकच बिल आणलं तर प्लांट उगाच मोठा निघतो. मंजूर भार किती आहे ते बिलावर बघून ठेवा, आणि मीटर स्मार्ट आहे का साधा ते कळत नसेल तर मीटरचा मोबाइलवर फोटो काढून आणा.